लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, भाडेकरू हलत नाही आणि वर ‘भाडं’ म्हणून पैसे पाठवतोय (पुणे)

कोथरूड_फ्लॅट

आईच्या नावावरचा २ बीएचके, कोथरूड. करार ऑनलाइन नोंदवलेला, १ ऑक्टोबर ते ३१ ऑगस्ट, अकरा महिने. भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००. करारावर लायसन्सी (जागा वापरायची परवानगी घेणारे) दोघं आहेत: सध्या राहतो तो आणि त्याचा मित्र. मित्र मध्येच सोडून गेला. त्याच्या जागी भाडेकरूचा मेहुणा येऊन राहिलाय, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

जुलै-ऑगस्टचं भाडं आलेलं नाही. महावितरणचं ६,३०० चं बिल थकलंय, मीटर आईच्या नावावर. ३१ ऑगस्टला ताबा मिळायला हवा होता. ‘गणपती होऊ द्या’ म्हणाला, आता ‘दिवाळीच्या तोंडावर कोण घर बदलतं’ सुरू झालंय. आणि ५ सप्टेंबरला यूपीआयने २२,००० आले, शेऱ्यात ‘सप्टेंबर भाडे’. आता म्हणतो, पैसे घेतलेत म्हणजे करार पुढे चालू झाला.

सल्ले बरेच मिळालेत. एक म्हणतो कुलूप बदला, एक म्हणतो पाणी तोडा. एजंट म्हणतो तीन महिन्यांचा नवीन करार करा म्हणजे तो निवांत निघेल. पोलीस चौकीत ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढंच उत्तर मिळालं. आलेले २२,००० परत करू की ठेवू? आणि कलम २४ चा अर्ज म्हणतात तो नेमका कुठे, कसा करायचा? सगळं क्रमाने सांगितलंत तर फार बरं होईल.

टेरेसवाला

कायदाबियदा सोडा. सोसायटीला सांगून त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करा. दोन दिवसांत चावी हातात.

शिवाजीनगर_कोर्टवाला

ताई, वरचा सल्ला तेवढा ऐकू नका. व्हॉल्व्ह बंद केला की तो त्याचा मोबाइलवर फोटो काढतो, पोलिसांत अर्ज देतो आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात मनाई हुकूम मागतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई यांना अत्यावश्यक सेवा म्हटलंय आणि मालकाने त्या तोडल्या तर तो गुन्हा आहे. तो लायसन्सी आहे, भाडेकरू नाही, म्हणून हे कलम लागू नाही, असा वाद तुम्ही घालू शकाल. पण तो वाद घालत बसायचं तुम्हाला काय कारण? कुलूप बदलण्याचंही तेच. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलं म्हणून तो विशिष्ट दिलासा अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा टाकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न विचारतच नाहीत. आज अर्जदार तुम्ही आहात. असलं काही केलंत की प्रतिवादी व्हाल.

तुमचा कागद भक्कम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २४ यासाठीच केलेलं आहे: राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत द्यायची, नाही दिली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा. प्राधिकारी मुख्यतः एकच गोष्ट बघतो, मुदत संपली का. त्याची अडचण काय, तुम्हाला घराची गरज किती, तुमच्याकडे दुसरा फ्लॅट आहे का, या गोष्टींना तिथे जागा नाही. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. म्हणजे तुमचं सगळं प्रकरण ३१ ऑगस्ट या तारखेवर उभं आहे. ती तारीख पुसट होईल असं काहीही करायचं नाही.

आता ते २२,०००. त्याने ते मुद्दाम पाठवलेत, चुकून नाही. जुनं थकवून पुढच्या महिन्याचं कोण भरतं? उद्या तो म्हणणार, तोंडी मुदतवाढ मिळाली आणि त्याप्रमाणे भाडं घेतलं. इथे कलम ५५ उलटू शकतं. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी; तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मुदतीनंतरच्या काळाचा तुमच्याकडे कागद नाही, म्हणून त्याला ती फट हवी आहे.

पैसे परत करायलाच हवेत असं नाही, पण गप्प राहून ठेवू नका. आजच्या आज लेखी कळवा. मजकूर साधारण असा: ‘दि. ५ सप्टेंबर रोजी आपण पाठवलेली रु. २२,००० ही रक्कम भाडे किंवा लायसन्स फी म्हणून स्वीकारलेली नाही. लायसन्सची मुदत ३१ ऑगस्ट रोजी संपली असून त्यानंतर मुदतवाढ दिलेली नाही. सदर रक्कम अनधिकृत वापराच्या नुकसानभरपाईपोटी, आमचे सर्व हक्क अबाधित राखून, जमा करून घेतली आहे.’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर आणि टपालाने, तिन्हीकडे. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे आले तर पुन्हा हेच, तारीख बदलून. पावती द्यायची वेळ आली तर पावतीवर ‘भाडे’ हा शब्द येऊ देऊ नका.

नोटीस कलम २४ ला बंधनकारक नाही, लायसन्स तारखेला आपोआप संपतं. तरी द्या. ताबा मागितला आणि त्याने दिला नाही, हे कागदावर येतं. वकिलामार्फत, पोचपावतीसह स्पीड पोस्टने. (नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे काउंटरवर ‘रजिस्टर एडी’ मागून गोंधळ करू नका, पोचपावती हवी असं सांगा.) फ्लॅटच्या पत्त्यावर आणि करारात त्याच्या आधारवरून आलेला गावचा पत्ता असेल तर तिथेही. लिफाफा ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आला तर फोडू नका. पोस्टमनचा शेरा, तारखेचा शिक्का आणि बंद लिफाफा, असाच तो अर्जाला लावायचा असतो. उत्सुकतेपोटी फोडलेले लिफाफे लोक घेऊन येतात आणि मग आत काय होतं यावर वाद होतो.

लिव्हलायसन्स_एजंट

आमच्याच धंद्यातल्या माणसाने तीन महिन्यांचा नवीन करार सुचवलाय, म्हणून सांगतो: त्याला त्याचं कमिशन दिसतंय. नवीन करार केलात की मुदत संपण्याची तारीख नोव्हेंबरअखेर जाते, कलम २४ खाली सप्टेंबरपासून मिळू शकणारी भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई हातची जाते, आणि ३० नोव्हेंबरला तो निघेल याची हमी आजच्याएवढीच. खर्च तसा फार नसतो, म्हणून लोकांना सोपं वाटतं. तुमच्याच आकड्यांवर अकरा महिन्यांचा हिशेब बघा: २२,००० गुणिले ११ म्हणजे २,४२,०००, ७५,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज ६,८७५, बेरीज २,४८,८७५, त्याचा ०.२५ टक्के म्हणजे साधारण ६२२ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. तीन महिन्यांचा करार त्याहून स्वस्त. तरी करू नका.

कलम २४ ला जायच्या आधी करार एकदा भिंग लावून वाचा. माझ्या मते इथेच निम्मी प्रकरणं लंगडी होतात.

फ्लॅट नंबर, विंग, मजला, सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर हे टॅक्स पावतीशी जुळतं का? ऑनलाइन फॉर्म भरताना ‘बी-१२’ चं ‘ए-१२’ झालेलं कोणी बघत नाही. बेदखलीचा आदेश मग ए-१२ चा निघतो आणि ताब्याच्या दिवशी सगळे बी-१२ च्या दारात उभे. वापराचा हेतू ‘निवासी’ लिहिलाय ना? कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. ‘निवास व कार्यालय’ असं लिहिलं असेल तर समोरचा वकील पहिला हल्ला तिथे करतो. नूतनीकरणाचं कलम कसं आहे तेही बघा. ‘उभयतांच्या संमतीने’ ठीक. ‘लायसन्सीच्या इच्छेनुसार’ असेल तर वकिलाला आधी दाखवा.

आणि लायसन्सर (जागा देणारा) म्हणून सही कोणाची आहे? फ्लॅट आईचा म्हणताय. करारावर आईचा अंगठा-फोटो आहे की तुमचा?

मूळ प्रत सापडत नसेल तर घाबरू नका. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर आयजीआरच्या (नोंदणी महानिरीक्षक) संकेतस्थळावर इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदीचा गोषवारा) निघतो, आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो.

कोथरूड_फ्लॅट

सही, फोटो, अंगठा सगळं आईचं. हेतू निवासी. नूतनीकरण ‘परस्पर संमतीने व नवीन लेखी करार करून’. फ्लॅट नंबर बरोबर आहे, मात्र सोसायटीच्या नावात ‘सहकारी गृहरचना संस्था’ ऐवजी ‘अपार्टमेंट’ पडलंय.

पैशांबद्दलचं पत्र आज पाठवते. पुढे अर्ज कसा? मित्र तर केव्हाच गेला, त्यालाही पार्टी करायचं का? मेहुण्याचं काय? आणि डिपॉझिटमधून थकबाकी वळती करून घेऊ का?

शिवाजीनगर_कोर्टवाला

‘अपार्टमेंट’ने फारसं बिघडत नाही. अर्जात मिळकतीचं वर्णन पूर्ण द्या, चतुःसीमा आणि टॅक्स पावतीवरचा मिळकत क्रमांक घाला, आणि करारातलं नाव कंसात ‘करारात असा उल्लेख’ म्हणून लिहा.

अर्ज पुणे विभागाच्या सक्षम प्राधिकारी (भाडे नियंत्रण कायदा) यांच्या कार्यालयात. आईच अर्जदार. तुम्हाला तारखांना जायचं असेल तर आईकडून मुखत्यारपत्र घ्या, त्यात कलम २४ खाली अर्ज करणे, साक्ष देणे आणि ताबा घेणे ही तीन कामं शब्दांत लिहिलेली हवीत.

मित्राला पार्टी करायचं. करारावर ज्यांच्या सह्या ते सगळे जाबदेणार. त्याला वगळलं तर उद्या तो उगवून म्हणेल, माझा ताबा अजून आहे, मला न ऐकता आदेश झाला. त्याला करारातल्या कायमच्या पत्त्यावर समन्स जाऊ द्या. बहुतेकदा असा मित्र स्वतःच लिहून देतो की मी अमुक तारखेला जागा सोडली, माझा संबंध नाही, आणि ते तुमच्याच कामी येतं. मेहुण्याला पार्टी करायची गरज नाही. करारानुसार लायसन्सी नसलेल्या माणसाचा कोणताही दावा प्राधिकाऱ्याने विचारात घ्यायचा नाही, असं कलम २४ चं पोटकलम (३) सांगतं. पण मागणीच्या परिच्छेदात ‘जाबदेणार व त्यांच्यामार्फत सदर जागेत राहणारे सर्व इसम’ हे शब्द घालायला विसरू नका. ते नसले की ताबा घ्यायला गेलेल्या माणसांना मेहुणा दारातच अडवतो.

अर्जासोबत: नोंदणीकृत कराराची प्रमाणित प्रत, इंडेक्स टू, मालकीचा पुरावा म्हणून शेअर सर्टिफिकेट किंवा खरेदीखत आणि टॅक्स पावती, नोटीस, टपालाची पावती, पोच किंवा परत आलेला लिफाफा, बँकेचा उतारा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश लावणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे भाग दोन असतात आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. तो फोन विकू किंवा रिसेट करू नका. तुमच्या प्रकरणात करारच पुरेसा आहे, गप्पांची जाडजूड फाइल लावली तर त्यातलं एखादं ‘बरं, बघू’ उलट तुमच्यावरच उलटायचं. प्रती किती? जाबदेणार दोन, अधिक कार्यालयाची एक, अधिक तुमची.

मागण्या दोन. पहिली बेदखलीची. दुसरी पोटकलम (२) ची, म्हणजे १ सप्टेंबरपासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत करारातल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई: महिना ४४,०००, दिवसाला साधारण १,४६७. जुलै-ऑगस्टचं भाडं मात्र इथे मागत बसू नका. मुदतीच्या आतली थकबाकी हा वेगळा विषय, त्यासाठी पुण्यात लघुवाद न्यायालयात दावा, मुदत तीन वर्षं.

आता डिपॉझिटचा हिशेब मांडून बघा, म्हणजे घाई का करायची ते कळेल. ७५,००० मधून दोन महिन्यांचे ४४,००० आणि लाइटचे ६,३०० गेले की उरतात २४,७००. दुप्पट दराने ते जेमतेम सतरा दिवस पुरतात. आलेले २२,००० धरले तर आणखी पंधरा. म्हणजे साधारण २ ऑक्टोबरनंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या खिशातला. तरीही आज ‘डिपॉझिटमधून वळतं केलं’ असं लिहून देऊ नका. हिशेब ताबा मिळाल्यावरच, एकदाच. आधीच वळतं केलं की तो सांगतो, माझी थकबाकी शून्य, मी प्रामाणिक भाडेकरू.

लाइट बिल तुम्ही भरून टाका. वाईट वाटतं, पण वीज कायद्याच्या कलम ५६ खाली १५ दिवसांची नोटीस देऊन महावितरणने कनेक्शन तोडलं तर थकबाकी आणि जोडणीचा खर्च आईच्याच ग्राहक क्रमांकावर बसतो, वर तो म्हणतो, मालकाने मुद्दाम बिल थकवून अंधारात ठेवलं. भरलेल्या बिलाची पावती वसुलीच्या फाइलला.

पुढचा क्रम असा. प्राधिकारी ठरलेल्या नमुन्यात समन्स काढतो, ते नेहमीच्या पद्धतीने आणि टपालाने दोन्हीकडून जातं. बजावणी झाल्यापासून ३० दिवसांत लायसन्सीने शपथपत्र करून लढण्याची परवानगी मागायची. उत्तर द्यायचा हक्क आपोआप मिळत नाही, आधी परवानगी. शपथपत्रात त्याला असं काही दाखवावं लागतं की ज्यामुळे तुम्हाला आदेश मिळूच शकत नाही. ‘दिवाळी आहे’ हे त्यात बसत नाही. शपथपत्र आलंच नाही किंवा परवानगी नाकारली, तर तुमचं म्हणणं मान्य धरून बेदखलीचा आदेश होतो. परवानगी मिळाली तर उलटतपासणी वगैरे होऊन लांबतं.

वेळ खातं ते समन्स. दार उघडत नाहीत, ‘साहेब गावाला गेलेत’, टपाल परत. म्हणून बजावणीच्या दिवशी कार्यालयाच्या माणसाबरोबर स्वतः किंवा ओळखीचं कोणी तरी जा, फ्लॅट दाखवा, तो घरी असतो ती वेळ सांगा. सकाळी सात-साडेसात ही सगळ्यात भरवशाची.

आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज (आदेश वरच्या अधिकाऱ्याने तपासावा असा) करता येतो, विभागीय आयुक्त कार्यालयात अपर आयुक्तांपुढे चालतो. नुसता अर्ज केला म्हणून आदेशाला स्थगिती मिळत नाही. आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ४५ खाली प्राधिकारी गरजेपुरतं बळ वापरून ताबा घेऊन देतो. पोलीस तेव्हा येतात, बंदोबस्ताला. आज चौकीत मिळालेलं उत्तर त्यामुळे चूक नव्हतं, फक्त अपुरं होतं. मेहुण्याबद्दल आणि धमक्या आल्या तर त्याबद्दल लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. त्याआधी भाडेकरूची माहिती तुम्ही पोलिसांच्या ऑनलाइन नोंदणीत भरली होती ना ते पाहा. नसेल तर आधी ती भरा, नाहीतर पहिला प्रश्न तुम्हालाच.

आणि आजच दिवाणी न्यायालयात एक कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) दाखल करून ठेवा. या विषयात दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही असं कलम ४७ म्हणतं, तरी लोक मनाई हुकूम मागायला जातातच. कॅव्हेट ९० दिवस चालतं, तोवर तुम्हाला न ऐकता हुकूम होत नाही. संपायच्या आत नवीन टाकायचं, ही तारीख सगळे विसरतात.

मधला_मार्ग

कोर्टवाले साहेब, कायद्याने सगळं बरोबर. पण समन्स, शपथपत्र, पुनरीक्षण यात वर्ष जातं. त्यापेक्षा ‘जुलै-ऑगस्ट माफ, डिपॉझिट परत, १५ ऑक्टोबरला चावी दे’ म्हटलं तर ताईंचं ४४,००० चं नुकसान, विषय मिटला. दुप्पट नुकसानभरपाई कागदावर छान दिसते. नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसाकडून ती वसूल कोण करतं?

शिवाजीनगर_कोर्टवाला

वसुलीबद्दल बरोबर बोलताय. त्याच्या नावावर काही नसेल तर तो आदेश भिंतीला लावण्यापुरता. तडजोडीला माझी ना नाही, क्रमाला आहे. आधी अर्ज दाखल करा, समन्स त्याच्या हातात पडू द्या, मग बोला. तोपर्यंत त्याला घाई नसते. आणि तडजोड ठरली की हॉटेलात कागदावर सही घेऊन उपयोग नाही. चालू प्रकरणात दोघांच्या सहीचा तडजोडनामा दाखल करा: मुदत ३१ ऑगस्टला संपल्याचं मान्य, अमुक तारखेपर्यंत जागा रिकामी करून देण्याची लेखी हमी, तोवर दरमहा ठरलेली रक्कम नुकसानभरपाई म्हणून, आणि हमी मोडली तर बेदखलीचा आदेश लगेच अंमलात. त्यावर प्राधिकाऱ्याचा आदेश होऊ द्या. मग पंधरवडा दिला काय, दिवाळी जाऊ दिली काय, तुमचा हात वरच. डिपॉझिटची माफी-सवलत चावी हातात आल्यावर, आधी नाही.

दुबई_मराठी

थोडं अवांतर. असाच प्रसंग ठाण्यातल्या फ्लॅटवर येऊ घातलाय. मी इकडे, फ्लॅट माझ्या नावावर, करार भावाने मुखत्यार म्हणून केला. अजून मुदत संपायला चार महिने आहेत पण भाडं दोन महिने नाही. आत्ताच कलम २४ लावता येईल का?

शिवाजीनगर_कोर्टवाला

करारात थकबाकीवरून नोटीस देऊन लायसन्स रद्द करण्याचं कलम असेल तर ते वापरून रद्द करता येतं. पण मग ‘मुदत संपली’ या शब्दांत मुदतीआधी केलेली समाप्ती बसते का, यावर समोरचा भांडतो. लघुवाद किंवा दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे, तो याहून लांबचा. चारच महिने उरलेत तर थकबाकीची नोटीस आत्ता द्या, नूतनीकरण होणार नाही हे लेखी कळवा, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तयार अर्ज घेऊन जा. मुंबई-ठाण्यासाठी कोकण विभागाचा सक्षम प्राधिकारी.

मुखत्यारपत्र तपासा. परदेशात केलेलं असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित आणि राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित झालेलं हवं. अनेकांचं ते फ्लॅट खरेदीच्या वेळचं असतं, त्यात ‘विकणे, नोंदवणे’ असतं आणि ‘ताबा घेण्यासाठी कार्यवाही करणे’ नसतं. दुसरं, मुखत्याराला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींचीच साक्ष देता येते. करार भावाने केला, चावी भावाने दिली, तर त्याची साक्ष उत्तम. बोलणी तुम्ही फोनवर केली असतील तर ती भावाने सांगून चालणार नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या बाजूचं सांगतो. सोसायटीकडून पाणी-लिफ्ट बंद करवून घ्यायचा प्रयत्न करू नका, कोणताही शहाणा सेक्रेटरी लिहून घेतल्याशिवाय ऐकणार नाही आणि लिहून द्याल तर तोच पुरावा. सोसायटीचा उपयोग वेगळा आहे. सध्या फ्लॅटमध्ये कोण कोण राहतं याचं पत्र, गेटच्या नोंदवहीचे उतारे, मित्राने सामान हलवलं त्या दिवसाची नोंद. हे मागा, मिळतं. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) थकवू नका. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, पण थकवलेत तर सोसायटी तुमच्यासाठी एक ओळ लिहिणार नाही.

ताबा मिळेल त्या दिवशीचं: ताबा पावती दोन प्रतींत, त्यावर ‘रिकामा व शांततापूर्ण ताबा’ हे शब्द, तारीख, वेळ, चाव्यांची संख्या (मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटरबॉक्स, पार्किंगचा रिमोट), वीज मीटरचं वाचन, पाइप गॅसचं वाचन. मीटरचा फोटो मीटर नंबर दिसेल असा. गीझर, पंखे, नळ, कमोडची टाकी चालवून बघा, करारासोबतच्या सामानाच्या यादीवर टिक करत. रंगाचे पैसे कापायचे असतील तर करारात तसं कलम असलं पाहिजे, नाहीतर नुसत्या मळलेल्या भिंतीवरून भांडण नको. डिपॉझिटची उरलेली रक्कम त्याच वेळी बँकेतून, शेऱ्यात ‘डिपॉझिट पूर्ण व अंतिम’. सेफ्टी डोअरच्या कुलपाचा सिलिंडर त्याच संध्याकाळी बदला, कितीही चाव्या परत आल्या तरी.

कोथरूड_फ्लॅट

खूप आभार सगळ्यांचे. पत्र तिन्हीकडे गेलं, वकिलांची वेळ घेतली. एकच शंका राहिली. समन्स गेल्यावर घाबरून तो रात्रीत चावी वॉचमनकडे टाकून निघून गेला, अर्धं सामान आतच, तर?

सोसायटी_सेक्रेटरी

वॉचमनकडून चावी घेताना नोंदवहीत लिहून सही घ्या: कोणी दिली, कधी दिली. पण लगेच दार उघडू नका.

शिवाजीनगर_कोर्टवाला

बरोबर. आधी भाडेकरूला संदेश आणि ईमेल: ‘आपण चावी अमुक वेळी सुरक्षारक्षकाकडे दिल्याचे समजले. आपण जागेचा ताबा सोडला आहे हे लेखी कळवावे.’ त्याचं ‘हो’ आलं तर काम सोपं. उत्तर नाही आलं तर पुढच्या तारखेला ही गोष्ट प्राधिकाऱ्याच्या नजरेला आणा आणि परवानगीनेच आत जा, प्रकरण चालू असताना स्वतःच्या अधिकारात नको. आत जाताना सोसायटीतले दोन पंच, दार उघडण्यापासून सलग व्हिडिओ, प्रत्येक वस्तूची यादी, पंचांच्या सह्या. सामान एका खोलीत ठेवून कुलूप, आणि १५ दिवसांत घेऊन जाण्याची नोटीस. फ्रिज, वॉशिंग मशीन विकून थकबाकी वसूल करायचा मोह होतो. करू नका, नाहीतर कपाटात दागिने होते अशी तक्रार येते आणि ते नव्हते हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.